सरगुंडे, पास्ता आणि यवतमाळचा कापूस

हापिसात कोणाला कळलं की मी यवतमाळचा, की पहिला प्रश्न ठरलेला: "तिकडे पास्ता-बिस्ता मिळतो का रे?" मिळतो की! पण मला उलटा प्रश्न जास्त इंटरेस्टिंग वाटतो. हे फ्रेंच-इटालियन खाणं आपल्याकडे आलं कसं, आणि त्यात यवतमाळचा वाटा किती?

मुळात 'रेस्टॉरंट' हा शब्दच फ्रेंच. 18 व्या शतकात पॅरिसमध्ये आजाऱ्याला तरतरी आणणाऱ्या कढणाला हे नाव होतं. पुढे ते कढण विकणाऱ्या दुकानालाच चिकटलं. 'मेन्यू', 'शेफ', 'कॅफे' ही मंडळीही त्याच घरातली.

इटालियन लोकांची एन्ट्री जरा नंतरची. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोप ते मुंबई हा प्रवास कितीतरी जवळचा झाला. त्याच वर्षी फेदेरिको पेलिती नावाचा इटालियन मिठाईवाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. पुढे कलकत्ता आणि सिमल्यात त्याचं नाव गाजलं. मुंबईच्या फोर्टात 20 व्या शतकाच्या सुरुवातीला मोंजिनी नावाच्या दोन इटालियन भावांचा खानपानाचा धंदा होता. गिऱ्हाईक मुख्यतः गोरा साहेब. 1950 च्या दशकात तो खोराकीवाला कुटुंबाकडे गेला आणि साहेबाच्या टेबलावरचा केक हळूहळू आपल्या वाढदिवसांना आला. होय, तेच मॉन्जिनीज!

आता गंमत बघा. या फोर्टातल्या चकचकाटाला पैसा कुठून आला? बराचसा कापसातून. 1861 ते 65 च्या अमेरिकन यादवी युद्धात मँचेस्टरला अमेरिकेचा कापूस मिळेना. मग मुंबई मालामाल झाली आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे इंग्रजांची नजर वळली. 1903 मध्ये यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज झाली, म्हणजे आपली 'शकुंतला'. ती कापसाच्या गाठी मोठ्या लाइनपर्यंत पोचवायची आणि तिथून त्या मुंबईला जायच्या. त्याच 1903 च्या डिसेंबरात मुंबईत ताज हॉटेल उघडलं. दोन्हींचा थेट संबंध नाही, पण एकाच वर्षातली ही दोन चित्रं शेजारी ठेवली की सिस्टिम समजते. माल इकडून गेला, ताट तिकडे वाढलं गेलं.

पास्त्याची गोष्ट तर याहून जवळची आहे. चांगला पास्ता होतो ड्युरम गव्हाचा. सुका पास्ता ड्युरमच्या रव्याचाच हवा, असा कायदाच इटलीने 1967 मध्ये केला. आणि आपल्या विदर्भातला बन्सी गहू? तोही ड्युरमच! कडक, पिवळसर दाण्याचा, काळ्या मातीतल्या ओलीवर येणारा. आमच्याकडे त्याच्या शेवया होतात. आणि सरगुंडे! भिजवलेल्या पिठाची दोरी काडीवर गुंडाळायची, काढून वाफवायची आणि आमरसात बुडवून हाणायची. सिसिलीतल्या बायका अशाच काडीवर 'बुसियाते' वळतात. 'फुसिल्ली' हे नाव तर सूत कातायच्या चातीवरून आलंय. कापसाच्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको.

मग त्यांचा पास्ता जगभर आणि आमचे सरगुंडे लग्नघरापुरते, असं का? चव हे कारण नसावं. त्यांच्याकडे गिरण्या होत्या, वाळवण्याची यंत्रं होती, परदेशी गेलेले लाखो इटालियन होते, आणि शेवटी कायद्याने जपलेलं नाव होतं. बन्सीला यातलं काहीच मिळालं नाही. तांबेऱ्याने गहू मारला (1946-47 ची साथ तर भयंकर होती), उतारा कमी पडला, आणि 60 च्या दशकानंतर ठेंगणे, जास्त उताऱ्याचे वाण आले. त्यात शेतकऱ्याची चूक नाही. जे परवडतं तेच तो पेरणार.

1989 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या 'लिटल इटली'ने इटालियन जेवण शाकाहारी करून दाखवलं. म्हणजे आपलं पब्लिक नवं खायला तयार असतं, आणि त्यासाठी पैसेही मोजतं. मोठ्या शहरात एका प्लेट पास्त्याला तीन-चारशे रुपये सहज जातात. तेवढ्याच कौतुकाने कोणी बन्सीचे सरगुंडे मेन्यूवर लिहिले आणि दाण्यामागे यवतमाळच्या शेतकऱ्याला चार पैसे जास्त दिले, तर शंभर वर्षांनी का होईना, ताटातला थोडा वाटा इकडे परत येईल. कापसाच्या बाबतीत ते जमलं नाही. गव्हाच्या बाबतीत अजून जमू शकतं.