भिंतीचा स्वभाव

शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत घर राखणे हे वर्षाचे ठरलेले काम असे. पावसाळ्याआधी शाकारणी व्हायची, जमीन सारवली जायची, गिलाव्याचा पोपडा सुटला की गवंड्याला निरोप जायचा. भिंतीत दगड कुठवर आणि माती कुठून, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि मातीच्या भिंती खचल्या. त्या भिंतींची मर्यादाही तेव्हा सर्वांना कळली.

या वाड्यांच्या शेजारी बसून मी थर्माकोलच्या घरांविषयी लिहितो आहे. पुणेकरांना थर्माकोल माहीत आहे तो गणपतीच्या मखरामुळे. २०१८ मध्ये राज्य सरकारने त्याच्या सजावटीवर बंदी आणली. तोच पदार्थ आता भिंतीच्या पोटात गेला आहे. त्यात सुमारे ९८ टक्के हवा असते, म्हणून तो हलका असतो आणि उष्णता अडवतो. होळकरांच्या इंदूरमध्ये, जिथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, तिथे केंद्राच्या ‘लाइट हाउस’ प्रकल्पात १,०२४ घरांसाठी अशा भिंती निवडल्या गेल्या. १ जानेवारी २०२१ रोजी त्याची पायाभरणी झाली. इमारतीचा भार पोलादी सांगाडा पेलतो. भिंतीत दोन सिमेंट-फलकांमध्ये थर्माकोलचे मणी, सिमेंट, वाळू आणि राख यांचे मिश्रण असते.

या भिंतीचा स्वभाव वेगळा आहे. तिला वाळवी खात नाही, पण सांध्याला भेग पडून पाणी मुरत राहिले तर उष्णता अडवण्याचा गुण घटतो. नुसता थर्माकोल थिनर किंवा पेट्रोलने विरघळतो आणि शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतो, म्हणून त्यावरचे आवरण शाबूत राखणे हीच मुख्य देखभाल. विजेची तार त्याला थेट टेकली तर तारेवरचे प्लास्टिक कालांतराने ठिसूळ होते; ती नळीतूनच न्यावी. गीझर किंवा मांडणी टांगायची तर आधाराची जागा आधी ठरवावी लागते.

रहिवाशांचे समाधान अभ्यासताना ‘घर आवडले का?’ एवढे विचारून भागत नाही. दुपारी खोली किती तापते, शेजारचे बोलणे ऐकू येते का, भिंत वाजवल्यावर पोकळ आवाज आला तर मनात धास्ती वाटते का, हेही विचारावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे: भेग पडली तर ती बुजवणारा कारागीर गल्लीत मिळतो का? वाड्याची भिंत कमजोर होती, पण तिची दुरुस्ती शेजारच्या माणसाच्या हातात होती. नव्या भिंतीचे ज्ञान कारखान्यातच राहिले, तर चांगले घरही परके वाटते. ते ज्ञान किल्लीबरोबरच रहिवाशाच्या हाती यायला हवे, अशी माझी ठाम धारणा आहे.

स्थापत्य, रसायन आणि समाजशास्त्र यांच्या सीमेवरचा हा विषय नव्या अभ्यासकांची वाट पाहतो आहे. तुम्ही कोणत्याही दाराने आत या. मात्र पहिली नोंद घरात राहणाऱ्या माणसाला विचारूनच करा.

शनिवार पेठ, पुणे