झपाटलेले

पहिल्याच खेळाला जाऊन शिट्ट्या मारणाऱ्याला आपण ‘फॅन’ म्हणतो, आणि गमतीने ‘पंखा’ही. वाऱ्याशी मात्र या शब्दाचं काही देणंघेणं नाही. लॅटिनमध्ये ‘फानुम’ म्हणजे देऊळ आणि ‘फानातिकुस’ म्हणजे देवळातला, ज्याच्या अंगात येतं असा. बेलोना या रोमन युद्धदेवतेचे भगत अंगात आलं की स्वतःवरच शस्त्र चालवत. त्यांना हे विशेषण लागे. त्यातून इंग्रजीत ‘फनॅटिक’ आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्यांनी त्याचं शेपूट छाटून ‘फॅन’ केला. रजनीकांतच्या कटआउटवर दुधाचा अभिषेक चाललेला पाहिला, की छाटलेलं शेपूट परत फुटल्यासारखं वाटतं.

फारसीतला ‘दीवाना’ही याच पंथातला. ‘दीव’ म्हणजे राक्षस. तो अंगात शिरलेला माणूस दीवाना. (हा दीव आणि आपला देव मुळात एकच. इराणात बिचाऱ्याची पदावनती झाली.)

मराठीत या दोघांच्या तोडीचा शब्द ‘झपाटलेला’. भुताने धरलेल्याला तो चालतो आणि विज्ञानकथांपायी तहानभूक विसरणाऱ्यालाही. महेश कोठारे यांनी १९९३ मध्ये तेच नाव सिनेमाला दिलं. त्यात तात्या विंचू या गुंडाचा आत्मा बोलक्या बाहुल्यात शिरतो. बाहुला रामदास पाध्यांचा. त्याचे डोळे गरकन फिरले की थिएटरातली पोरं आईच्या पदराआड जात आणि तिथूनच पुन्हा डोकावत. अशांना ‘चाहता’ म्हणणं फारच सोवळं वाटतं.