देवासच्या बायांची गाणी आणि कुमार गंधर्व

रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या बाया एका सुरात गातात. ते गाणं कोणी केलं, असं आपण कधी विचारत नाही. आजीनं म्हटलं, आईनं म्हटलं, आपण म्हणतो. अशाच विनानावाच्या गाण्यांपाशी एक फार मोठा गवई जाऊन बसला. आज त्याची गोष्ट सांगते.

गवयाचं नाव कुमार गंधर्व. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. जन्म 8 एप्रिल 1924 चा, बेळगावजवळच्या सुळेभावी गावातला. सात-आठ वर्षांचं पोर मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसंच गायचं. लोक थक्क व्हायचे. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला त्या वयातच मिळाली. पुढं मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्याकडे शिक्षण झालं आणि विशीच्या आतच नाव देशभर गेलं. शास्त्रीय गाणं म्हणजे दरबारातून, मोठ्या घराण्यांतून आलेलं गाणं. तिथं गुरू कोण, घराणं कोणतं, हे आधी विचारतात. खेड्यातल्या बायकांच्या गाण्याला त्या मैफलीत कोणी पाट मांडत नव्हतं.

1947 साली भानुमतीबाईंशी लग्न झालं. त्याही देवधरांकडेच शिकलेल्या, स्वतः गाणाऱ्या. आणि त्याच सुमारास कुमारजींना क्षय झाला. त्या काळी क्षय म्हणजे काय, हे आपल्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा. औषध नव्हतं, कोरडी हवा आणि विश्रांती एवढाच उपाय. म्हणून 1948 च्या जानेवारीत दोघं मध्य प्रदेशातल्या देवासला गेली. मराठी माणसाला देवास काही परकं नव्हतं, तिथं पवारांची संस्थानं होती. पण डॉक्टरांनी सांगितलं, गायचं नाही. चोवीस वर्षांच्या गवयाला गाणं बंद! पाच वर्षं तो माणूस बहुतेक काळ अंथरुणावर होता. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी केली, घर चालवलं आणि नवऱ्याची शुश्रूषाही केली. कुमारजींची थोरवी सांगताना हे एका वाक्यात उरकतात. मला ते कधी पटत नाही.

गाता येत नव्हतं, पण कान उघडे होते. टेकडीच्या पायथ्याशी घर, बाहेरून गाणी येत. जन्माची, लग्नाची, पावसाची, देवीची. त्या माळव्याच्या बाया होत्या. पाणी आणताना, दळताना, वरात निघताना गात होत्या. नाथपंथी जोगी भजनं गात जात. पडल्या पडल्या कुमारजींच्या ध्यानात आलं की ही गाणी तीन-चार स्वरांतच फिरतात, पण त्या तीन-चार स्वरांची ठेवण काही औरच आहे. आपल्या जात्यावरच्या ओवीचंही तसंच असतं. चाल एवढीशी असते, पण त्यात सगळा संसार मावतो. आणि चाल तीच असली तरी सासुरवाशीण म्हणते तेव्हा वेगळी लागते, आई म्हणते तेव्हा वेगळी.

पुढं नवं औषध निघालं, प्रकृती सुधारली. 1953 च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गायला लागले. एक फुप्फुस कायमचं दुबळं झालेलं होतं. पण आता त्यांच्याकडे दुसरी शिदोरी होती. माळव्याची गाणी त्यांनी जमवली, लिहून घेतली, चालीची मोडणी समजून घेतली. त्यांनी मांडलेला विचार असा, की राग आधी आणि लोकगीत मागून असं नसून लोकांच्या चालीच रागाचं मूळ असतात. म्हणून माळव्याच्या चालींतून त्यांनी नवे राग बांधले. मधसुरजा, मालवती, सहेली तोडी, संजारी, लगनगांधार ही त्यातली काही नावं. ‘माळव्याच्या लोकधुना’ या नावाचा कार्यक्रम केला, ‘गीत वर्षा’मध्ये पावसाची गाणी गायली. ज्या मैफलीत घराणं विचारत, तिथं आता माळव्याच्या चुलीपाशी गायली जाणारी चाल ऐकू आली.

त्यांच्या गाण्यातले आखूड, तुटक स्वर ऐकून लोक म्हणतात, फुप्फुस गेलं म्हणून असं गात. मला वाटतं, तेवढंच कारण नसावं. बाया काम करता करता गातात तेव्हाही श्वास तसाच घेतात. पाच वर्षं जो ते ऐकत राहिला, त्याच्या गळ्यात ते उतरल्याशिवाय कसं राहील?

असंच काहीसं दूर अमेरिकेतही घडलं. रे चार्ल्स नावाचा काळा गायक होता, लहानपणीच आंधळा झालेला. चर्चमधल्या भजनांचा आणि काळ्यांच्या दुःखाच्या गाण्याचा सूर मिसळून गाणारा म्हणून तो प्रसिद्ध होता. पण पोरपणी तो रेडिओवर गोऱ्या खेडुतांची ‘कंट्री’ गाणी ऐकत असे. 1962 साली त्यानं त्याच गाण्यांची तबकडी काढली. आपलेच श्रोते तुटतील, असं लोकांनी त्याला सांगितलं. तबकडी तुफान चालली. त्यातलं सर्वांत गाजलेलं गाणं डॉन गिब्सन नावाच्या माणसानं लिहिलेलं होतं. त्याचं नाव छापलं गेलं, आणि गाणं वाजेल तसा त्याला मोबदला मिळण्याची कायद्यात सोय होती.

इथं माझ्या मनात गाडं अडतं. डॉन गिब्सनचं नाव आपल्याला कळतं. माळव्याच्या बायांपैकी एकीचं तरी नाव आपल्याला माहीत आहे का? कुमारजींनी त्यांची चाल चोरली, असं मी म्हणत नाही. ते उघड सांगत होते की हे माळव्याचं आहे. रागांना त्यांनी आपलं नाव दिलं नाही. पण ‘माळव्याचं’ म्हटलं की ते सगळ्यांचं होतं, आणि सगळ्यांचं झालं की कोणा एकीचं उरत नाही. कुमारजींना 1977 मध्ये पद्मभूषण आणि 1990 मध्ये पद्मविभूषण मिळालं, ते योग्यच झालं. 12 जानेवारी 1992 ला ते गेले तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. गाणाऱ्या त्या बाया कधी गेल्या, कोण जाणे.

हे असंच असलं पाहिजे असं नाही. आपल्याच महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या! आणि ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही लिहून ठेवलं. आज त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. काहींचे फोटो आहेत, आवाज आहेत. गाणारी तिथं ‘एक ग्रामीण स्त्री’ नाही, नाव-गाव असलेली बाई आहे.

आपल्याकडे रोवणीची गाणी आहेत, भुलाबाईची आहेत, हळद लावतानाची आहेत. आता बांधावर मोबाईल वाजतो, म्हणून ती म्हाताऱ्यांच्याच ओठांवर उरली आहेत. तेव्हा एक काम करा. बचत गटाच्या वहीत शेवटची चार पानं गाण्यांसाठी सोडा. गाणं लिहा, कोणी सांगितलं तिचं नाव लिहा, तिचं माहेर कुठलं तेही लिहा, कारण गाणी माहेराहूनच येतात. कोणत्या कामाच्या वेळी म्हणतात ते लिहा. आणि चाल वहीत मावत नाही, म्हणून कोणाच्या तरी मोबाईलवर आवाज भरून ठेवा. आवाज भरताना आधी गाणारीनं स्वतःचं नाव सांगायचं, मग गायला लागायचं.