तुंबलेले खाचर

पावसाळ्यात कर्जत-खालापूरकडे आपण भातखाचराच्या बांधाला पाणी जायची वाट ठेवलेली पाहतो. ती अरुंद झाली की खाचर तुंबते. शल्यवैद्यांनाही हा धडा गिरवावा लागला.

व्रण पडून मोठे आतडे निकामी झाले की ते काढावे लागे आणि पोटावर चिकटवलेल्या पिशवीत मल घ्यावा लागे, तोही जन्मभर. १९७८ साली लंडनच्या पार्क्स व निकोल्स यांनी लहान आतड्याच्या तीन घड्या शिवून आतच पिशवी केली आणि ती गुदद्वाराला जोडली. पण तिचे तोंड लांब! अनेकांना नळी घालूनच ती रिकामी करावी लागे. १९८० मध्ये जपानच्या उत्सुनोमियांनी दोनच घड्या घेतल्या, लांब तोंड वगळले. हीच ‘जे’ पिशवी.

बहुतेकांचा प्रश्न सुटला. काहींचा मात्र वर्षांनंतर पुन्हा उभा राहतो. कधी जोड आकसतो, कधी गुदद्वाराचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळतात. मग कुंथूनही उपयोग नसतो. जोड रुंदावता येतो, स्नायूंना नवे वळण लावता येते. तेही न जमले तर पुन्हा तीच जुनी नळी. आम्हांला त्यात कमीपणा वाटत नाही. वर्गातून उठून गेलेला असा विद्यार्थी लवकर परतत नाही, तो यामुळेच.