पिंजऱ्यात फिरणाऱ्या रेणूची कुळकथा

१८३९ साली बर्लिनचे खनिजतज्ज्ञ गुस्टाव्ह रोझ यांनी उरल पर्वतातल्या एका खनिजाचे वर्णन केले आणि त्याला रशियाच्या लेव्ह पेरॉव्स्की यांचे नाव दिले. ते होते कॅल्शियम टायटनेट. पुढे तशाच ठेवणीच्या सगळ्याच स्फटिकांना पेरॉव्स्काइट म्हणू लागले. टोकाला टोक जोडलेल्या अष्टफलकांचा पिंजरा आणि मधल्या पोकळीत बसलेला एक मोठा आयन, अशी ही ठेवण.

१९५८ मध्ये डेन्मार्कचे क्रिश्चन म्योलर यांनी शिसे आणि ब्रोमिन, आयोडीन यांसारखी हॅलोजन मूलद्रव्ये घेऊन असे पिंजरे तपासले. पोकळीत सीझियम होते. प्रकाश पडला की या स्फटिकांतून वीज वाहते, हे त्यांनी दाखवले. तापवल्यावर त्यांची रचना पालटते, हेही त्यांना दिसले.

खरी कलाटणी १९७८ ची. श्टुटगार्टच्या डीटर वेबर यांनी सीझियमच्या जागी मिथाइलअमोनियम हा सेंद्रिय आयन बसवला. गोल अणूच्या जागी आता लांबट रेणू आला. त्याच्या एका टोकाला कार्बन, दुसऱ्या टोकाला नायट्रोजन. अशा रेणूला दिशा असते, म्हणून तो वळू शकतो. संकरित पेरॉव्स्काइटचा जन्म मी इथेच मानतो. या पदार्थापासून केलेल्या सौरघटामुळे २००९ चे नाव जास्त झाले, पण त्या घटातला पदार्थ वेबर यांचाच होता.

१९८७ मध्ये पोग्लिच आणि वेबर यांनी मिलिमीटर लहरींनी या रेणूची हालचाल मोजली. नेहमीच्या तापमानाला तो काही पिकोसेकंदांत दिशा बदलतो. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग! डोळ्यांना निश्चल दिसणाऱ्या काळ्या खड्यात ही धावपळ अखंड चालू असते.

आयोडीन असलेल्या स्फटिकात उणे १११ अंश सेल्सिअसच्या खाली अष्टफलक कलतात, पोकळी आवळते आणि रेणू ठरावीक दिशांना जखडले जातात. त्याहून वर स्फटिक चतुष्कोणीय होतो व रेणू सुटतात. सुमारे ५४ अंशांना तो घनाकार होतो, पण हा घनाकार सरासरीचा. जवळून पाहिले तर अष्टफलक तेव्हाही क्षणोक्षणी कलतच असतात. रेणूची मोकळीक आणि पिंजऱ्याचा मऊपणा यांचा विचार एकत्रच करावा लागतो. प्रकाशापासून वीज मिळण्याचे सगळे श्रेय फिरत्या रेणूला देणे मला पटत नाही, कारण रेणूविना, नुसत्या सीझियमवर उभे असलेले स्फटिकही प्रकाशापासून वीज देतात.

२००९ मध्ये जपानच्या कोजिमा, मियासाका आणि सहकाऱ्यांनी केलेल्या सौरघटाची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आता प्रयोगशाळेतले घट २६ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. पण उन्हात पॅनेल सहज ५४ अंशांपलीकडे तापते आणि मिथाइलअमोनियम उष्णतेत टिकत नाही. म्हणून आता त्याच्या जागी बहुधा फॉर्मामिडिनियम वापरतात. ते एकटे असले तर नेहमीच्या तापमानाला काळा स्फटिक हळूहळू पिवळा, निरुपयोगी होतो. तो काळाच राहावा म्हणून त्यात थोडे सीझियम मिसळतात.