पँथरांची न्याहारी

१९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले, हे मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. दलित साहित्य शिकवताना हा दुवा आवर्जून सांगितला जातो. मात्र त्या सांगण्यातून ब्लॅक पँथरचे जे चित्र उभे राहते ते बहुधा चामड्याचे काळे जाकीट आणि हातातली बंदूक एवढ्यावरच थांबते. सकाळी शाळेपूर्वी लहान मुलांना खाऊ घालणे हे ह्या पक्षाचे एक मोठे काम होते, ही बाब आपल्या चर्चेत फारशी येत नाही. ती यावी असे आम्हांला वाटते. कारण मुलाच्या भुकेकडे आणि त्याच्या बुद्धीकडे पाहण्याची दृष्टी तिच्यात गुंतलेली आहे.

ह्यू न्यूटन आणि बॉबी सील यांनी १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे पक्ष स्थापन केला. जानेवारी १९६९ मध्ये त्याच शहरातील सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये शाळकरी मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू झाली. फादर अर्ल नील यांनी चर्चची जागा उपलब्ध करून दिली. त्या चर्चच्या सभासद आणि नृत्यशिक्षिका रूथ बेकफर्ड यांनी आखणीत हातभार लावला. आहारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात आला, आसपासच्या दुकानदारांकडून सामान मिळवण्यात आले, आणि अंडी, टोस्ट, मक्याची लापशी, दूध असे ताजे अन्न पानात पडू लागले. पहिल्या दिवशी ११ मुले आली. आठवडाअखेर ती १३५ झाली. वर्ष सरेपर्यंत हा उपक्रम अनेक शहरांत पसरून हजारो मुलांपर्यंत पोचला होता.

ह्याचा परिणाम काय झाला? मुले आता वर्गात झोपत नाहीत, पोटात कळा येऊन रडत नाहीत, असे मुख्याध्यापकांनी येऊन सांगितल्याची आठवण बेकफर्ड यांनी पुढे नोंदवली आहे. हे निरीक्षण साधे आहे, पण त्याचा काळ लक्षात घ्यायला हवा. गरीब मुले अभ्यासात मागे का पडतात, याचे उत्तर त्या दशकातील अमेरिकी शिक्षणविचार ‘सांस्कृतिक वंचितता’ ह्या संज्ञेत शोधत होता. दोष मुलाच्या घरात, भाषेत, संस्कारांत आहे असे त्यात गृहीत होते. आपल्याकडे हेच काम ‘ढ’ हे एकच अक्षर करते. न्याहारीच्या पानाने ह्या गृहीतकालाच प्रश्न विचारला : काल पेंगणारे मूल आज खाऊन आल्यावर जागे राहत असेल, तर ते मंद होते की उपाशी?

आणि ते उपाशी असेल, तर पुढचा प्रश्न मुलाला विचारताच येत नाही. तो राज्यकर्त्यांकडे वळतो. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांनी हे नेमके ओळखले होते. मे १९६९ मधील एका अंतर्गत टिपणात त्यांनी न्याहारीचा हा उपक्रम पँथरांचे सर्वांत प्रभावी काम, आणि म्हणूनच त्यांना नामोहरम करण्याच्या प्रयत्नांना सर्वांत मोठा संभाव्य धोका, ठरवला. सरकारची स्वतःची शालेय न्याहारी योजना १९६६ पासून प्रायोगिक स्वरूपात होती. १९७५ मध्ये ती कायम झाली. ह्याचे सारे श्रेय पँथरांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. पण मुलांची भूक हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे लोकांच्या मनावर ठसवण्यात त्यांचा वाटा नाकारता येत नाही.

पुढील संशोधनाने मुख्याध्यापकांच्या त्या निरीक्षणाला मोजमापाची जोड दिली. जमैकाच्या ग्रामीण भागातील १६ प्राथमिक शाळांत झालेला एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही मुलांना वर्षभर न्याहारी दिली, तर इतरांना संत्र्याची केवळ एक चतकोर फोड. न्याहारी मिळालेल्यांची हजेरी, उंची आणि वजन थोडे सुधारले. लहान वर्गांतील मुलांचे अंकगणितही. इंग्लंडमधील १०६ शाळांच्या २०१६ च्या अहवालात सहा-सात वर्षांच्या मुलांची प्रगती सुमारे दोन महिन्यांनी पुढे गेलेली दिसली, आणि वर्गातील वर्तनही सुधारले. हे परिणाम माफक आहेत. न्याहारीने चांगला शिक्षक किंवा चांगले पुस्तक यांची जागा भरून निघत नाही. शिकवलेले मुलापर्यंत पोचण्याची वाट तेवढी मोकळी होते.

भारतात २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने दुपारच्या भोजनासोबत न्याहारीचीही शिफारस केली, आणि २०२२ मध्ये तमिळनाडूने पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी ती सुरू केली. दुपारच्या खिचडीआधीही शाळेचे तास होतात, आणि मुलाविषयी शिक्षकाचे मत बरेचदा त्याच तासांत बनते. दलित पँथरचा अभ्यास करताना तिच्या नावामागची ही न्याहारीही वाचली गेली, तर ते मत नोंदवण्यापूर्वी मूल काही खाऊन आले आहे का, एवढे विचारण्याची सवय निदान शिक्षक होऊ घातलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना लागेल.