घाटमाथ्यावरचे नौदल

लोणावळ्याला, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांवर, नौदलाचे एक 'जहाज' आहे. ते कधी नांगर उचलून कुठे गेले नाही. किनाऱ्यावरच्या तळालाही जहाजासारखेच नाव द्यायचे ही ब्रिटिश नौदलाची जुनी रीत. त्या रीतीने १५ फेब्रुवारी १९४५ रोजी इथे 'एचएमआयएस शिवाजी' रुजू झाले. इंग्रज बादशहाच्या नौदलाने आपल्या तळाला शिवरायांचे नाव द्यावे, हेही नवलच. इथे शिकायला येत ते स्टोकर. नाव कोळशाच्या जमान्यातले असले तरी तोवर लढाऊ जहाजे तेलावर चालू लागली होती आणि फावड्याऐवजी बॉयलर, पंप, झडपा यांचे ज्ञान लागत होते. जहाजाच्या पोटात काम करायचे, तर शिकताना समुद्र दिसला नाही म्हणून बिघडत नाही. कार्यशाळा मात्र चांगली हवी.

नौदलाच्या शिक्षणाचा सगळा गुंता इथेच आहे. पायदळाच्या पलटणीत बहुतेकांचे मूळ काम एकच असते: बंदूक घेऊन चालणे, जागा धरणे, जागा घेणे. जहाजावर तोफखानावाला वेगळा, सिग्नलवाला वेगळा, इंजिनवाला वेगळा, कोठाराचा हिशेब ठेवणारा वेगळा. शिक्षण वेगळे, रोजचे काम वेगळे, आणि जहाज बुडाले तर सगळे एकत्र. दुसरा फरक भरतीचा. ब्रिटिश काळात पलटणी जात-प्रांत पाहून उभ्या केल्या जात. मराठा पलटण, शीख पलटण अशी त्यांची नावेच सांगतात. जहाजावर वाटणी व्हायची ती धंद्यानुसार.

पूर्वी मात्र इथेही प्रांत होता. नौदलाचा पूर्वावतार असलेल्या रॉयल इंडियन मरीनमधले खलाशी बहुतांशी रत्नागिरी किनाऱ्यावरचे, त्यांत कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने. त्यांना कुणी वर्गात बसवून शिकवले नव्हते. सारंग आणि तांडेल या मुकादमांच्या हाताखाली ते तयार होत. अधिकारी गोरे. या दलाचे कामही फौजा वाहून नेणे, किनाऱ्याची मोजणी करणे असे दुय्यम स्वरूपाचे. २ ऑक्टोबर १९३४ रोजी या दलाची 'रॉयल इंडियन नेव्ही' झाली, तेव्हा कुठे ते खऱ्या अर्थाने नौदल ठरले.

हिंदी तरुणांनी जहाजावर अधिकारी व्हावे, ही मागणी कायदेमंडळात सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांच्यासारख्यांनी १९२२ पासून लावून धरली होती. सरकारने अखेर 'डफरिन' हे फौजा वाहणारे जुने जहाज मुंबईत माझगावजवळ नांगरून ठेवले आणि १ डिसेंबर १९२७ पासून त्यावर शाळा सुरू झाली. शाळा होती व्यापारी जहाजांसाठी. नौदलाची दारे तिथून थेट उघडत नव्हती, काही थोड्यांनाच ती वाट मिळे. तरी पहिल्याच तुकडीतले रामदास कटारी महायुद्धात राखीव दलातून नौदलात आले आणि २२ एप्रिल १९५८ रोजी पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. व्यापारी जहाजांसाठी काढलेल्या शाळेची ही कमाई काही लहान नाही.

मरीनमध्ये कमिशन मिळालेले पहिले भारतीय मात्र डफरिनवरचे नव्हते. ते होते डी. एन. मुखर्जी, साल १९२८, शाखा इंजिनिअरिंग. यात गोम आहे. ब्रिटिश परंपरेत जहाजाची सूत्रे एक्झिक्युटिव्ह, म्हणजे डेकवरच्या शाखेकडेच असत. इंजिनिअर अधिकाऱ्याच्या बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांमध्ये जांभळे कापड असे. तो कितीही वर चढला तरी जहाजाचा कप्तान होत नसे. पहिल्या हिंदी अधिकाऱ्याला दार उघडले, ते यंत्रघराचे.

मग महायुद्ध आले. १९३९ मध्ये दोन हजारांच्या आत असलेले हे नौदल १९४५ पर्यंत पंचवीस हजारांपलीकडे गेले. एवढ्यांना तांडेलाच्या हाताखाली शिकवणे शक्यच नव्हते, म्हणून शाळांमागून शाळा निघाल्या. तोफांची आणि रडारची कराचीला, पाणतीरांची जामनगरला, यंत्रांची लोणावळ्याला आणि संदेशवहनाची मुंबईत कुलाब्याला, 'तलवार'वर. संदेशवहनाला इंग्रजी येणारी, शाळा शिकलेली मुले लागत. ती पंजाब, बंगाल, मद्रास, कुठकुठून आली. त्यांना काय वागणूक मिळाली, हे १९४६ मध्ये जगाला दिसले.

१८ फेब्रुवारीला निकृष्ट जेवणाच्या निमित्ताने 'तलवार'वर संप झाला. त्याआधीच भिंतींवर घोषणा लिहिल्याबद्दल पकडलेले बी. सी. दत्त तारायंत्रवाले. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान सिग्नलमन, उपाध्यक्ष मदन सिंग तेही तारायंत्रवाले. बंड संदेशवहनाच्या शाळेत पेटले आणि दोन दिवसांत बंदरातल्या जहाजांवर, कराचीपर्यंत पोचले, यात आश्चर्य कसले? बातमी पोचवणे हेच तर त्यांना शिकवले होते. हिंदू, मुसलमान, शीख एकाच मेसमध्ये जेवत होते, त्यामुळे फोडाफोडीलाही वाव कमी. मुंबईतल्या नौदलाच्या कॅसल बॅरॅक्सवर आधी पहाऱ्याला मराठा पलटणीचे जवान ठेवले होते. पुढे त्यांच्या जागी ब्रिटिश सैनिक आणावे लागले. २३ तारखेला, वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यानंतर, संप मागे घेतला गेला.

फाळणीने नौदलाच्या शिक्षणाचे कंबरडे मोडले. तोफखाना, रडार आणि पोरसवदा खलाशांची शाळा कराचीत, म्हणजे परमुलखात राहिली. मुलांची शाळा विशाखापट्टणमला, बाकी बरेच कोचीनला नव्याने उभे करावे लागले. कॅडेट इंग्लंडला डार्टमथला पाठवले जात. लोणावळ्याचे 'शिवाजी' आणि पाणतीरांऐवजी आता विजेचे शिक्षण देणारे जामनगरचे 'वलसुरा' आपल्याकडे राहिले, म्हणून यंत्र आणि वीज या शाखा त्यातल्या त्यात सावरल्या.

याच सुमारास एक धाडसी प्रयोग झाला. भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्या भावी अधिकाऱ्यांना सुरुवातीपासून एकत्र शिकवायचे. १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडूनला ही शाळा भरली आणि १९५४ च्या अखेरीस खडकवासल्याला आली. तिथल्या मुख्य इमारतीला नाव आहे सुदानचे, कारण महायुद्धातल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानने दिलेला पैसा तिला लागला. धरणाच्या पाण्यात भूदलाचा कॅडेटही वल्हे मारायला शिकतो. डेहराडूनच्या पहिल्या तुकडीतले सुनीत रॉड्रिग्ज, लक्ष्मीनारायण रामदास आणि निर्मलचंद्र सुरी १९९१ मध्ये एकाच वेळी तिन्ही दलांचे प्रमुख होते.

तीन दलांतली भिंत अशी बरीच खाली आली. एका जहाजातली तेवढी आली नाही. शिक्षण वाढले, गणवेशावरचे जांभळे कापड गेले, इंजिनिअर अधिकारी व्हाइस ॲडमिरलपर्यंत पोचले. पण कटारींपासून आजवर झालेला प्रत्येक भारतीय नौदलप्रमुख एक्झिक्युटिव्ह शाखेचाच आहे.